कात्री नक्की कुणाच्या हातात? सरकारच्या की कंपन्यांच्या?

चौकस (धागाकर्ता)

मंडळी, इंटरनेटवरच्या सेन्सॉरशिपचा विषय निघाला की गाडी हमखास सरकारवर जाते. अमुक देशाने ॲप बंद केलं, तमुक देशाने वेबसाइट अडवली. माझं मत जरा वेगळं आहे. तुम्ही त्यावर तुटून पडावं म्हणूनच धागा काढतोय.

मला सरकारपेक्षा कंपन्यांची जास्त भीती वाटते. सरकारने अडवलं तर निदान एखादं कलम असतं, कोर्ट असतं, पाच वर्षांनी निवडणूक असते. कंपनीने अडवलं तर हातात काय पडतं? ज्याला उत्तर पाठवता येत नाही असा एक ईमेल. 'तुमच्या खात्यावरून आमच्या नियमांचं उल्लंघन झालं आहे.' कुठला नियम, कुठलं वाक्य, कुणी ठरवलं, विचारायची सोय नाही.

दोन प्रकरणं आठवा. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने व्हिएतनाम युद्धातला तो जगप्रसिद्ध फोटो उडवला, नापाम या आगीच्या बाँबच्या हल्ल्यातून विवस्त्र पळत येणाऱ्या मुलीचा. कारण काय, तर नग्नता. नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांनी निषेध म्हणून तोच फोटो टाकला, तर त्यांचीही पोस्ट काढली. जगभर बोंबाबोंब झाल्यावर फोटो परत आला.

दुसरं, फेब्रुवारी २०२१. बातम्यांचे पैसे कंपन्यांनी माध्यमांना द्यावेत असा कायदा ऑस्ट्रेलियात येऊ घातला होता. फेसबुकने त्या देशातल्या बातम्याच बंद करून टाकल्या. त्या झटक्यात हवामान खात्याचं पानही कोरं झालं, आरोग्य विभागांचंही. करोनाची लस द्यायला सुरुवात होणार होती त्या आठवड्यात! मग वाटाघाटी झाल्या, सरकारने कायद्यात दुरुस्त्या मान्य केल्या आणि बातम्या परत आल्या. निवडून आलेल्या संसदेसमोर एक कंपनी बसून घासाघीस करते, हे तुम्हाला खटकत नाही का?

रिकामटेकडा

पैला नंबर! आता वाचतो.

बिनतारी

चौकस, 'कुणाच्या हातात' विचारण्याआधी 'कुठे' विचारा. माझं पोट नेटवर्कवर चालतं म्हणून सांगतो, इंटरनेट कापायच्या जागा बऱ्याच आहेत आणि जवळपास प्रत्येक जागी कुठली तरी कंपनीच बसलेली आहे.

इजिप्तचं घ्या. २७ जानेवारी २०११ च्या रात्री जवळजवळ अख्खा देश इंटरनेटवरून गायब झाला. तारा कुणी तोडल्या नव्हत्या, यंत्रं चालूच होती. प्रत्येक नेटवर्क शेजारच्या नेटवर्कांना सतत सांगत असतं की 'हे पत्ते माझ्याकडे आहेत, यांचा माल माझ्याकडे पाठवा'. या निरोपानिरोपीला बीजीपी म्हणतात. इजिप्तमधल्या सेवादात्यांनी सरकारच्या हुकमाने हे निरोप मागे घेतले. बाकी जगाच्या दृष्टीने ते पत्ते उरलेच नाहीत. २ फेब्रुवारीला निरोप पुन्हा सुरू, देश पुन्हा हजर.

याच यंत्रणेची उलटी गंमत फेब्रुवारी २००८ मध्ये झाली. पाकिस्तान सरकारने यूट्यूब अडवायला सांगितलं. पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरता खोटा निरोप तयार केला की यूट्यूबचे पत्ते आमच्याकडे आहेत. तो निरोप हाँगकाँगच्या कंपनीमार्फत बाहेर सांडला. राउटरचा नियम असा की ज्याचा निरोप जास्त नेमका, त्याचं ऐकायचं. हा निरोप यूट्यूबच्या स्वतःच्या निरोपापेक्षा नेमका होता. झालं, जगभरचं यूट्यूब सुमारे दोन तास पाकिस्तानच्या दिशेने निघालं आणि खड्ड्यात गेलं.

अडवणं हे असं बोथट काम आहे. रशियाने एप्रिल २०१८ मध्ये टेलिग्राम अडवायला घेतलं, तेव्हा ॲमेझॉन आणि गूगलचे लाखो पत्ते एकगठ्ठा बंद केले. टेलिग्राम बऱ्यापैकी चालत राहिलं. ज्यांचा टेलिग्रामशी काडीचा संबंध नाही अशा दुकानांच्या आणि सेवांच्या साइट्स मात्र पडल्या. जून २०२० मध्ये बंदी मुकाट्याने उठवली.

अवली

म्हणजे दोन तास का होईना, पाकिस्तानने अख्ख्या जगाला अभ्यासाला बसवलं होतं. कौतुक करा जरा.

कायदेकानू

> सरकारने अडवलं तर निदान एखादं कलम असतं, कोर्ट असतं

कलम असतं, पण कोर्टात जायला आधी आदेश हातात पडावा लागतो. आपल्याकडे मजकूर अडवण्याचे आदेश माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली निघतात. त्याखालच्या २००९ च्या नियमांत सोळावा नियम आहे, तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवण्याचा. आदेश जातो कंपनीला. ज्याने लिहिलं त्याला एवढंच दिसतं, की कायदेशीर मागणीमुळे हा मजकूर तुमच्या देशात उपलब्ध नाही. आव्हान द्यायचं तर कशाला द्यायचं?

दुसरा रस्ता कलम ७९ चा आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. मूळ वाद असा, की लोकांचा मजकूर दाखवणारी कंपनी टपाल खातं आहे की वर्तमानपत्र? पोस्टमन पत्रातल्या शिवीगाळीला जबाबदार नसतो, संपादक असतो. अमेरिकेत १९९१ मध्ये काँप्युसर्व्ह ही ऑनलाइन सेवा कोर्टात सुटली, कारण ती मजकूर तपासत नव्हती. १९९५ मध्ये प्रॉडिजी ही तशीच दुसरी सेवा अडकली, कारण ती घाण साफ करत होती, म्हणजे संपादन करत होती. साफसफाई करणाऱ्यालाच दंड! हा उफराटा प्रकार निस्तरायला १९९६ मध्ये कलम २३० आलं. लोकांच्या मजकुराची जबाबदारी कंपनीवर नाही, आणि तिने भल्या हेतूने काही काढलं तरीही नाही.

आपल्याकडे डिसेंबर २००४ मध्ये बाझी डॉट कॉमच्या प्रमुखाला अटक झाली, कारण एका वापरकर्त्याने त्या साइटवर अश्लील क्लिप विकायला ठेवली होती. त्यानंतर २००८ ची दुरुस्ती आली आणि कलम ७९ ने कंपन्यांना संरक्षण दिलं. पण सशर्त. सांगितल्यावर काढलं नाही, तर संरक्षण जातं. 'कुणी सांगितल्यावर' हे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल निकालात बांधून दिलं. कोर्टाचा आदेश हवा, नाहीतर सरकारची अधिसूचना. कुणाही सोम्यागोम्याची तक्रार पुरत नाही. याच निकालाने कलम ६६अ रद्द झालं. त्या प्रकरणाची सुरुवात आपल्या पालघरची, २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना झालेली अटक.

आता कंपनीच्या वकिलाच्या खुर्चीत बसून बघा. पोस्ट ठेवली तर संरक्षण जाण्याची भीती, काढली तर कुणी विचारणार नाही. तो काय सल्ला देईल?

चौकस

कायदेकानू, पण मग हा माझ्याच बाजूचा मुद्दा झाला की. काढायचं बटण शेवटी कंपनीच दाबते.

कायदेकानू

दाबते. तुम्ही बटणावरचं बोट बघताय, मी ते हलवणारा खांदा बघतोय.

उंटावरचा शहाणा

एवढा त्रास आहे तर वापरू नका ना. जागा त्यांची, नियम त्यांचे. फुकटात वापरायचं आणि वर घटनेने दिलेले हक्क मागायचे! घटनेतला अभिव्यक्तीचा हक्क मुळात सरकारविरुद्ध मागायचा. स्वतःचं डोमेन घ्या, स्वतःची साइट काढा, काय हवं ते लिहा. कोण अडवतंय?

जुना खांब

शहाणे, कोण अडवतंय ते सांगतो.

डिसेंबर २०१० मध्ये, गुप्त सरकारी कागद फोडणाऱ्या विकिलीक्सची स्वतःचीच साइट होती. आधी ॲमेझॉनने सर्व्हरवरून काढलं. मग डोमेनचं नाव पत्त्याला जोडून देणाऱ्या सेवेने हात झटकले. मग पेपॅल, व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी देणग्या बंद केल्या. विकिलीक्सबद्दल तुमचं मत काहीही असो, यातल्या एकाही गोष्टीसाठी कोर्टाचा आदेश नव्हता. आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या कार्ड कंपनीला 'करार बेकायदेशीरपणे मोडलास' म्हणून सुनावलं ते २०१३ मध्ये. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ऑगस्ट २०१७ मध्ये साइट्सना हल्ल्यांपासून वाचवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने एका निओ-नाझी साइटला बाहेर काढलं. साइट नीचच होती, तिच्यासाठी मी अश्रू ढाळणार नाही. पण त्या कंपनीचे प्रमुख मॅथ्यू प्रिन्स यांनी कर्मचाऱ्यांना काय लिहिलं? आज सकाळी उठलो तेव्हा मूड खराब होता, म्हणून मी त्यांना इंटरनेटवरून हाकलायचं ठरवलं. आणि पुढे त्यांनीच म्हटलं की अशी सत्ता कुणाहीकडे असू नये. मला या माणसाचा प्रामाणिकपणा आवडतो आणि त्यामुळेच जास्त धडकी भरते.

२०२१ च्या जानेवारीत ट्रम्प यांना ट्विटरने काढलं, तेव्हा जर्मनीच्या त्या वेळच्या चान्सलर अँगेला मर्केल यांच्या प्रवक्त्यानेही त्या निर्णयावर आक्षेप घेतला होता. मर्केलबाई काही ट्रम्प यांच्या चाहत्या नव्हत्या.

रिकामटेकडा

आत्ता वाचून झालं. जुना खांब यांना +१. आमच्या साहेबांचा मूड रोज सकाळी खराब असतो, नशीब त्यांच्याकडे फक्त रजेचे अर्ज आहेत.

स्वरमयी

मी गाणं शिकवते. विद्यार्थ्यांसाठी पाठ रेकॉर्ड करून एका मोठ्या व्हिडिओ साइटवर ठेवते. मागे यमनचा एक पाठ टाकला, सूर माझे, बंदिश परंपरेतली. दुसऱ्या दिवशी दावा आला, की यातला अमुक सेकंदांपासून तमुक सेकंदांपर्यंतचा भाग एका म्युझिक कंपनीच्या मालकीचा आहे. ऐकून बघितलं तर तो भाग म्हणजे मी गायला सुरुवात करण्याआधीचा तानपुरा! इलेक्ट्रॉनिक तानपुरा. तोच आवाज अर्धं जग वापरतं. कुणाच्या तरी अल्बममध्ये तो असणार आणि यंत्राला वाटलं मी चोरला.

हरकत घेतली. हरकत कुणाकडे जाते माहीत आहे? ज्याने दावा केला त्याच्याकडेच. त्यांनी 'दावा कायम' म्हटलं आणि विषय संपला. आता मी तानपुरा जरा खरखरीत लावते, म्हणजे यंत्राला ओळखू येत नाही. बेसूर होऊ नये म्हणून आयुष्यभर धडपडायचं आणि इथे ही कसरत.

अवली

स्वरमयीताई, एका माणसाने दहा तासांची नुसती खरखर यूट्यूबवर टाकली होती. व्हाइट नॉइज, दुसरं काही नाही. तिच्यावर पाच जणांनी मालकी सांगितली. जानेवारी २०१८ ची बातमी आहे. तेव्हा खरखरीचाही भरवसा धरू नका.

ठकी

सगळे स्वातंत्र्याच्या बाजूनेच बोलताय, म्हणून दुसरी बाजू मांडते. रागावू नका.

माझा फोटो लावून, माझ्या नावाने कुणीतरी प्रोफाइल काढलं होतं. त्यावरून माझ्या ओळखीच्यांना काय काय पाठवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी तक्रार केली, तर उत्तर आलं की 'आम्ही हे प्रोफाइल तपासलं, नियमांचं उल्लंघन आढळलं नाही'. पुन्हा तक्रार, पुन्हा तेच उत्तर. मैत्रिणींना तक्रार करायला लावली. त्या दिवसांत मला कुणी इंटरनेट-स्वातंत्र्यावर व्याख्यान दिलं असतं, तर मी त्याला चपलेने मारलं असतं.

तुमची सगळी चर्चा 'काढलं' यावर चालली आहे. 'काढलं नाही' हीसुद्धा कंपनीचीच सत्ता आहे. ज्यावर लोक चिडतात, भांडतात, तुटून पडतात, ते त्यांना हवंच असतं. मला कात्री हवी आहे, धारदार हवी आहे, आणि वेळेवर चालायला हवी आहे.

प्रवाहपतित

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

अवली

प्रवाहपतित, सेन्सॉरशिपच्या धाग्यावर स्वतःचाच प्रतिसाद काढून टाकणं हा आजवरचा सर्वोत्तम प्रतिसाद आहे.

प्रवाहपतित

लिहिला होता हो. मग आठवलं, ऑफिसमधले दोघं इथे असतात.

रांगेतला

ठकी यांचं वाचून लिहावंसं वाटलं. मी काही वर्षं हेच काम केलंय, तक्रार आलेल्या पोस्ट तपासण्याचं. काम एका मोठ्या साइटचं, पगार ठेकेदार कंपनीचा.

पडद्यावर पोस्ट येते. एकटी. आधी काय बोलणं झालं, कुणी कुणाला उद्देशून लिहिलं, हे बहुतेक वेळा दिसत नाही. खाली कारणांची यादी, तिच्यातलं एक निवडायचं, पुढची पोस्ट. तुम्ही निकालात काढलेलीच काही प्रकरणं वरचा तपासनीस पुन्हा बघतो. त्याचा आणि तुमचा निर्णय जुळला नाही की गुण कमी. गुण घसरले की नोकरी धोक्यात. त्यामुळे 'ही पोस्ट वाईट आहे का' असा विचार हळूहळू बंद होतो आणि 'तपासनीस काय म्हणेल' एवढाच उरतो. शिवाय मराठी पोस्ट बऱ्याचदा मराठी न वाचणाऱ्यांकडे जायच्या, यंत्राने केलेल्या भाषांतरासकट. ठकी, तुमची तक्रार कदाचित अशाच कुणाकडे गेली असेल, ज्याला तुमच्या नावाचं प्रोफाइल तुमचं नाही हे कळायला काही मार्गच नव्हता.

आणि हे फक्त गैरसोयीपुरतं नाही. म्यानमारमध्ये रोहिंग्या मुस्लिमांविरुद्ध वर्षानुवर्षं विष ओतलं जात होतं आणि बर्मी वाचणारी माणसं फेसबुककडे नावापुरती होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने कबूल केलं की आपलं व्यासपीठ हिंसा भडकवायला वापरलं जाऊ नये म्हणून आपण पुरेसं काही केलं नाही. इंग्रजीत असतं तर इतका उशीर लागला असता का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

काथ्याकूट

रांगेतला, फार दिवसांनी असा आतल्या माणसाचा प्रतिसाद वाचला. वाखूसा (वाचनखूण साठवली आहे).

एक जोड देतो. काढलेलं निदान कळतं. मला जास्त छळतं ते न काढता दाबलेलं. पोस्ट आहे, तुम्हाला दिसते, पण बाकी कुणाला दाखवलीच जात नाही. सिद्ध कसं करणार? लोकांना आवडली नसेल, असं म्हणायची सोय त्यांना कायम आहे.

आणि या भीतीने लोक आपणहून लिहिणं बदलतात. आत्महत्येवर गंभीरपणे, मदतीच्या भावनेने लिहिणारे लोकसुद्धा त्या शब्दाच्या मध्ये चांदण्या घालतात. बलात्कार लिहायचं तर अक्षरं तोडून. व्हिडिओत तेवढ्या जागी आवाज गप्प करतात. हे कुठल्या नियमात लिहिलंय? कुठेच नाही. कुणाची तरी पोहोच कमी झाली, त्याने अंदाज बांधला, बाकीच्यांनी तो पाळला. सेन्सॉर अधिकारी नेमायचा खर्चसुद्धा वाचला.

उंटावरचा शहाणा

त्यावर माझा उपाय कायम आहे. ईमेल यादी, आरएसएस, स्वतःचं पान. कुणाच्या क्रमवारीची मिजास नाही.

जुना खांब

आरएसएसचं नाव काढून जखमेवर मीठ चोळलंत. आरएसएस वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हापासून आम्ही काही लोक सुतकात आहोत. सकाळी उघडायचं, ज्यांचं वाचायचं ठरवलंय त्यांचंच, लिहिलं त्या क्रमाने. मध्ये कुणी शहाणा 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणत नव्हता. ते यंत्रणेने मेलं नाही, एका कंपनीने दुकान बंद केलं म्हणून लोकांची सवय मेली. आरएसएस अजूनही चालतं, बरं का.

शिकाऊ

आरएसएस म्हणजे ते शाखावालं नाही ना? गोंधळलो.

अवली

नाही रे, साइटवरचं नवं लिखाण आपोआप आणून देणारी सोय ती. धागा भरकटण्यात आला आहे. संपादक मंडळ, कात्री!

चौकस

😀 परत वळू या. सप्टेंबर २०२५ चं नेपाळ कुणीच कसं आणलं नाही? कंपन्यांनी नोंदणी केली नाही म्हणून ४ तारखेला सरकारने २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. ८ तारखेला तरुण रस्त्यावर आले, गोळीबारात माणसं गेली, ९ तारखेला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. हंगामी पंतप्रधान कोण असावं याची चर्चा त्या पोरांनी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर केली. राग बंदीपुरता नव्हता, भ्रष्टाचाराचाही होता, मान्य. पण सरकारने घातलेली बंदी दिसते आणि दिसते म्हणून लोक उठतात. काथ्याकूट म्हणतात ती दाबादाबी दिसतच नाही, तर उठणार कशाविरुद्ध? म्हणून मी कंपन्यांना जास्त घाबरतो.

बिनतारी

बंदी दिसली की लोक उठतात हे सगळीकडे खरं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये इंटरनेट बंद झालं. १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश प्रसिद्ध करावे लागतील. म्हणजे कायदेकानू म्हणतात तो गोपनीयतेचा पडदा निदान इथे तरी फाडला. त्यानंतर टूजी आलं, तेही फक्त मंजूर साइट्सच्या यादीपुरतं. फोरजी परत आलं फेब्रुवारी २०२१ मध्ये.

ती मंजूर यादी मला व्यावसायिक म्हणून फार बोलकी वाटते. नेहमी अडवायच्या साइट्सची यादी असते, ही उघडायच्या साइट्सची होती. आणि आजचं कुठलंही पान एकट्या पत्त्यावरून येत नाही. अक्षरांचे फाँट एकीकडून, चित्रं दुसरीकडून, लॉगिन तिसरीकडून. बँकेची साइट यादीत आहे पण तिला लागणारा बाकीचा पसारा यादीत नाही, म्हणजे पान अर्धवट उघडून लटकतं. यादी करणाऱ्याला इंटरनेट म्हणजे नावांची वही वाटली असावी.

काथ्याकूट

मंजूर यादीवरून आठवलं, 'थोडंसंच इंटरनेट' ही कल्पना कंपनीनेही विकून बघितली होती. फेसबुकचं फ्री बेसिक्स. निवडक साइट्स फुकट, बाकीच्यांना पैसे. दूरसंचार नियामक ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ ला साइटनुसार वेगळा दर लावायला मनाई केली आणि ते गुंडाळावं लागलं. २०१५ मध्ये दहा लाखांवर लोकांनी ट्रायला ईमेल पाठवले होते. ट्रायने पारदर्शकता म्हणून ते सगळे ईमेल पत्त्यांसकट साइटवर टाकले, हा त्या लढ्याचा विनोदी भाग.

चौकस, इथे सरकारी संस्थेनेच कंपनीला अडवलं. तेव्हा मला हा सामना एकाविरुद्ध एक असा वाटत नाही. दोघं भांडतात तेव्हा आपला फायदा होतो. दोघांचं जुळलं की आपलं मरण. चीनमधल्या ॲप स्टोअरमधून ॲपलने २०१७ मध्ये व्हीपीएनची, म्हणजे अडवलेल्या साइट्सकडे आडवाटेने नेणारी ॲप्स काढली, ती तिथल्या कायद्याकडे बोट दाखवून. तिथे आयफोनवर ॲप घ्यायचा रस्ता तो एकच. सरकारला लाखो फोनच्या मागे धावावं लागलं नाही, एका कंपनीला सांगितलं, काम झालं. कंपनी एवढी मोठी नसती तर सरकारचं काम एवढं सोपं झालं नसतं.

जुना खांब

काथ्याकूट, शंभर टक्के. हा अख्ख्या धाग्यातला कामाचा मुद्दा.

ठकी

आणि माझ्यासारख्यांनी काय करायचं? दोघांचं जुळू नये म्हणून खोटं प्रोफाइल सहन करायचं?

कायदेकानू

नाही ठकीताई, उलट तुमच्यासाठी नियम सगळ्यात स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे तोतयेगिरी, बदललेले फोटो किंवा खासगी चित्रं असतील आणि तक्रार त्या व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या वतीने कुणी केली असेल, तर कंपनीने २ तासांत तो मजकूर हटवायचा (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत २४ तास होती). फक्त 'रिपोर्ट'चं बटण दाबून थांबू नका, ती तक्रार नेहमीच्या रांगेत जाते. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता साइटवर द्यावाच लागतो, त्याच्याकडे लेखी जा आणि 'माझी तोतयेगिरी' हे शब्द वापरा. जोडीला सायबर पोलिसांकडे नोंद.

पन्नास लाखांवर वापरकर्ते असलेल्या साइटने आपणहून तुमचा मजकूर काढला, तर कारण कळवणं आणि तुमचं म्हणणं ऐकणं तिच्यावर बंधनकारक आहे. अधिकाऱ्याच्या उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं, वकील लागत नाही. या समित्या केंद्र सरकारने नेमलेल्या आहेत, त्यामुळे कंपनीविरुद्धचं गाऱ्हाणं सरकारकडे न्यायचं, हा विरोधाभास आहेच. आणि सरकारला मोकळीक दिली की काय होतं तेही बघा. सरकारबद्दलचा कुठला मजकूर खोटा हे सरकारी तथ्य-तपासणी कक्षाने ठरवायचं, अशी दुरुस्ती २०२३ मध्ये आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली.

युरोपने थोडा वेगळा मार्ग काढलाय. २०२२ च्या डिजिटल सर्व्हिसेस कायद्यात प्रत्येक काढलेल्या किंवा दाबलेल्या मजकुराचं कारण वापरकर्त्याला द्यावं लागतं. 'दाबलेल्या'सुद्धा, काथ्याकूट. नियम मोडले तर जगभरच्या उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड. कंपनीला 'काढलं तर कुणी विचारत नाही' असं म्हणता येऊ नये, एवढंच मला हवं आहे.

स्वरमयी

माझ्या तानपुऱ्याचं यात कुठे बसतं? कॉपीराइटलाही हेच नियम का?

कायदेकानू

तुमचा रस्ता वेगळा, आणि जरा अडचणीचा. कॉपीराइट कायद्याप्रमाणे कुणी रीतसर नोटीस दिली तर साइट तो मजकूर २१ दिवस अडवते, आणि तेवढ्यात तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही तर पुन्हा खुला करू शकते. पण यूट्यूबच्या कंटेंट आयडीसारखी गाणी ओळखणारी यंत्रं या कायद्याखाली चालत नाहीत, ती कंपनी आणि म्युझिक कंपन्या यांच्यातली आपापसातली व्यवस्था आहे. तिथे हरकत फेटाळल्यावर पुढच्या पायरीवर, म्हणजे अपिलात गेलात, तर समोरच्याला रीतसर नोटीस द्यावी लागते, म्हणजे तो कायद्याच्या मैदानात येतो. तानपुऱ्याच्या आवाजासाठी नोटिशीवर सही करायला बरेच जण धजत नाहीत. मात्र तोही हट्टाला पेटला तर तुमच्या चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाचा शेरा, बसू शकतो, हे लक्षात घेऊन ठरवा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, मसुदा पाठवतो.

चौकस

कायदेकानू, तो मसुदा इथेच टाका ना, सगळ्यांच्या कामाला येईल. बाकी कंपन्यांबद्दलचं माझं मत आहे तिथेच आहे. फक्त काथ्याकूट यांच्या मुद्द्यातून निघणाऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, की ॲप स्टोअर एकच असेल तर त्याची किल्ली नेमकी कुणाकडे समजायची. यावर बिनतारींनी लिहावं.

बिनतारी

लिहितो, पण रविवारी. या आठवड्यात रात्रपाळी आहे, आणि नेटवर्क पडलं तर तुम्हीच मला शिव्या द्याल.